नोझल, सुई आणि सलूनवाल्या काकांचं नाक

४ सप्टेंबर

चि. ठकू, अनेक आशीर्वाद.

काल तुझं पार्सल आलं. त्यातून माझा एअरब्रश ज्या अवस्थेत बाहेर निघाला, ती पाहून हे पत्र लिहिणं मला भाग पडलं. फोन केला नाही, कारण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि फोन ठेवलास की तुझ्या डोक्यात काही उरत नाही. लिहिलेलं समोर राहतं. उत्तरही लिहूनच पाठव.

पार्सलमधल्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस, "आत्या, ब्रश रंग फवारत नाही, थुंकायला लागलाय." थुंकणार नाही तर काय करेल? सुईचं टोक वाकलेलं आहे. नखावरून अलगद ओढली तर नखावर ओरखडा उठतो. नोझलवर पकडीचे दात उमटले आहेत. नोझल बोटांनी बसवायचं असतं, ठकू. ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि त्याची मान मोडली की संपलं. वाटीच्या तळाशी वाळलेल्या रंगाचं कडं आहे. आणि कळस म्हणजे आतलं रबराचं वॉशर भिजवलेल्या मनुक्यासारखं फुगलेलं आहे. याचा अर्थ तू आख्खा ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवलास, आणि तोही एखादा तास नाही. रविवारभर ना? मला वास घेऊनच कळलं.

बत्तीस वर्षं मी या ब्रशने मेडिकल कॉलेजसाठी तक्ते रंगवले. हृदयं, यकृतं, मूत्रपिंडं. एका मेंदूला दीड महिना लागला होता. तेवढ्या वर्षांत सुई मी दोनदा बदलली. तू दोन महिन्यांत हे करून दाखवलंस.

दुरुस्त केला आहे. सुई काचेवर ठेवून, बोटाखाली फिरवत फिरवत, सगळ्यात बारीक पॉलिश पेपरवर सरळ केली. नवं वॉशर घातलं. वाटीतला तो रंग मात्र कशालाच विरघळेना, शेवटी लाकडी काडीने खरवडून काढला. हा कसला रंग वापरतेस तू? कामासाठी ब्रश हवा आहे एवढंच सांगितलंस. काय काम ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आता विचारते.

पुढचं नीट वाच. रंग संपला की वाटी लगेच रिकामी करायची आणि पुसायची. मग चार थेंब थिनर घालून ब्रशला गुळण्या करायला लावायच्या. म्हणजे हवा कमी ठेवून नोझलच्या तोंडावर बोट दाबायचं. पुढे वाट नाही म्हटल्यावर हवा उलटी वाटीत येते आणि कोनाकोपऱ्यातला रंग बुडबुड्यांबरोबर वर आणते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत माणूस चूळ भरतो, तसंच. मग सुई मागून सरळ ओढून काढायची आणि जाड बाजूकडून टोकाकडे पुसायची. उलटं पुसलंस तर टोक फडक्यात अडकेल आणि पुन्हा मला पार्सल येईल. शेवटी सुईच्या मागच्या भागाला ग्लिसरीनचा एक थेंब. एक म्हणजे एक.

सोबत पांढऱ्या रबरी हातमोज्यांची पेटी आहे. घामट हाताने सुई धरायची नाही आणि थिनरने हाताची सालं काढून घ्यायची नाहीत. ब्रश उचलण्याआधी घालायचे, खाली ठेवल्यावर काढायचे. याला अपवाद नाही. मी तशीच काम करत आले.

तुझी आत्या


७ सप्टेंबर

ती. आत्या, सा. न.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा बसून. रविवारचं तुला कसं कळलं ते मी विचारणार नाही. पकडीचंही कबूल. पण आत्या, ब्रश जोडून कागदावर पहिली रेघ मारली आणि सगळी बोलणी विसरले. केसासारखी रेघ आली. मी तीच रेघ पन्नास वेळा मारली. शेजारच्या टेबलावर कृत्रिम पाय जोडणारे काका म्हणाले, "कागद संपवायचाय की काम करायचंय?"

आता काम सांगते. आधी सांगितलं नाही कारण जमलं नसतं तर तुला कळू द्यायचं नव्हतं.

आमच्या वर्कशॉपमध्ये हात-पाय बनतात तसे कान, नाकं, बोटंही बनतात. सिलिकॉनची. आकार देणारे चारजण आहेत, पण रंग देणारे फक्त मोठे सर. मी आत्तापर्यंत साचे धुवायची आणि डबे भरायची. जूनमध्ये एक सलूनवाले काका आले. नाकावर गाठ झाली होती, ती काढताना नाकही काढावं लागलं. सरांकडे आधीची अकरा कामं पडून. मी म्हटलं, सर, यांचं नाक मी रंगवते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "ब्रश कुठाय?" म्हणून तुझा मागवला.

सलूनवाल्या काकांना एक ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता खुर्चीमागे उभं राहायचंय. दुकान त्यांचं आणि त्यांच्या मेहुण्याचं. सहा महिने मेहुण्याने खुर्ची रिकामी ठेवली. आता म्हणाला, एक तारखेला दाजी आले तर दाजी, नाही तर दुसरा माणूस ठरवलेला आहे. मी विचारलं, मास्क लावून का नाही जात? ते म्हणाले, "ताई, मास्क कशावर टेकतो? नाकावर. माझा घसरतो. एका हाताने मास्क धरला तर कात्री धरायची कशी?"

आणि म्हणाले, "तुम्हाला वाटतं गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघतं. अजिबात नाही. ते मला बघतं. वस्तरा माझ्या हातात असतो ना."

नाक कसं हवं विचारलं तर म्हणाले, "चित्रातलं नको. माझं होतं तसं द्या. थोडं बटाट्यासारखं. बायकोने ते बघून होकार दिला होता."

रंगाचं विचारलंस. तो रंगही सिलिकॉनचाच असतो, थिनरने पातळ केलेला. ओला असेपर्यंत निघतो, एकदा घट्ट झाला की जगातलं कुठलंच थिनर त्याला हलवत नाही. म्हणून मी ब्रश बुडवून ठेवला होता. तेही चूकच, पण आळशीपणा नव्हता.

हातमोजे घातलेत. हे पत्र लिहितानाही घातले असते, पण पेन निसटतं.

तुझी ठकू


१० सप्टेंबर

चि. ठकू, आशीर्वाद.

नाक रंगवायचं आहे हे तू आधी सांगायला हवं होतंस. मी ब्रश तुझ्या हाती दिला तेव्हा मला वाटलं तू डब्यांवर नंबर मारणार आहेस.

काल जेवण झाल्यावर मी आरशासमोर बसले आणि स्वतःचं नाक पाऊण तास पाहिलं. साठ वर्षं ते माझ्या तोंडावर आहे आणि मी त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं. ठकू, नाकाला एक रंग नसतो. डोळ्यांमध्ये जिथे नाक सुरू होतं तिथे निळसर सावली असते. मधल्या हाडावर कातडी ताणलेली, म्हणून तिथे पिवळट. नाकपुड्यांच्या कडांना लाली, आणि खालच्या खाचेत ती जवळजवळ जांभळी होते. शेंड्यावर बारीक छिद्रं, आणि प्रत्येक छिद्र थोडं गडद. म्हणजे कातडीचा रंग सगळ्यात शेवटी. आधी रक्त, मग बाकीचं. मी हृदयं अशीच रंगवायची. वरून लाल फासणारे वेगळे, ते भिंती रंगवतात.

रंग इतका पातळ ठेव की पहिल्या तीन थरांनी काहीच झालं नाही असं वाटलं पाहिजे. घाई केलीस तर ते नाक होणार नाही, मुखवटा होईल. आणि त्या गृहस्थांना समोर बसवून रंगव. फोटोवरून नाही. दुकानात कसला दिवा आहे ते विचार, त्याच उजेडात बघ. ट्यूबलाइटखाली लाली मरते.

दर रंगानंतर गुळण्या. लालातून पिवळ्याकडे जाताना एक थेंबही मागे राहिला तर पिवळ्याचा नारिंगी होतो आणि तुझे काका सर्दी झाल्यासारखे दिसतील.

बटाट्याचं लक्षात ठेव. त्या बाईंचा विश्वासघात करू नकोस.

हातमोजे घालतेस हे वाचून बरं वाटलं.

आत्या

ता. क. सुई बाहेर काढलीस की काचेच्या नळीत ठेवायची. टेबलावर नाही. टेबलावरून सुया पडतात, आणि टोकावरच पडतात.


१५ सप्टेंबर

ती. आत्या, सा. न.

वाईट बातमी आहे, पण आधी चांगली सांगते. दोन दिवस काका रोज चार तास समोर बसले आणि मी रंगवलं. पहिले तीन थर तू म्हणालीस तसेच, काहीच दिसेना. काका म्हणाले, "ताई, हवाच मारताय का?" पाचव्या थराला नाकपुडीच्या कडेला लाली उमटली आणि त्यांनी हात पुढे करून विचारलं, "हात लावू का?" मी म्हटलं उद्या. आत्या, इतकं खरं दिसत होतं की पायवाले काका हातातलं काम टाकून बघायला आले आणि म्हणाले, "याला शिंक येईल."

दुसऱ्या दिवशी मी ते उचललं तर रंग बोटाला आला. चिकट. दोन दिवस ठेवलं, गरम पेटीत ठेवलं, तरी चिकट. आत सिलिकॉन पक्कं, वरचा रंग मात्र गुळासारखा. शेवटी कापूस लागला तो निघेना. नाकाला दाढी आली.

सलूनवाल्या काकांना मी सगळं सांगितलं. ते मास्क सावरत म्हणाले, "होतं. मीही पहिल्या महिन्यात एकाचा अर्धा कान कापला होता." आणि गेले. गेटपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

अशीच दुसरी एक कोरी प्रत आहे, डब्यात बंद. तिला मी हात लावलेला नाही. ती बिघडली तर नवा साचा काढायला तीन आठवडे. म्हणजे खुर्ची गेली.

मोठे सर दौऱ्यावर गेलेत, एकोणतीसला येतील. मी त्यांना कळवलेलं नाही. कळवलं तर ते "ठेवून द्या, मी बघतो" म्हणतील आणि ते अकरा कामांनंतर बघतील.

एक विचारू का? रागावू नकोस. तू सुईला लावलेलं ग्लिसरीन रंगात उतरत असेल का?

ठकू


१७ सप्टेंबर

ठकू,

माझं ग्लिसरीन बत्तीस वर्षांत कुठल्याही यकृतात उतरलं नाही.

एक थेंब, तोही मागच्या बाजूला, जिथे रंग पोहोचत नाही. तू एकाऐवजी पाच थेंब घातले असतील तर गोष्ट वेगळी. माझ्या मते ब्रश स्वच्छ होत नाही. जुना अर्धवट रंग आत कुठेतरी राहतो आणि नव्या रंगाला बिघडवतो. तू गुळण्या करतेस, पण मोजून दोन करत असशील. तुझा बाप लहानपणी असाच दात घासायचा. ब्रश ओला करून परत ठेवायचा.

आता असं कर. दर रंगानंतर तीनदा गुळण्या. पूर्ण ब्रश रोज खोलायचा. प्रत्येक भाग हाताने पुसायचा, नोझल भिंगाखाली बघायचं. आणि कोऱ्या नाकाला हात न लावता सिलिकॉनच्या तुकड्यांवर चाचणी घ्यायची.

एवढं करूनही चिकट राहिलं तर सकाळी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकल्यापासून काय काय करतेस ते क्रमाने लिहून पाठव. बारीकसारीक सगळं. "नेहमीप्रमाणे धुतलं" असं लिहायचं नाही. मला नेहमीप्रमाणे नको आहे, मला हाताने काय केलंस ते हवं आहे.

त्या काकांना निरोप पाठव की काम चालू आहे. माणसाला नुसतं वाट बघायला लावू नये.

आत्या


२० सप्टेंबर

ती. आत्या,

आणखी वाईट. जितकं जास्त धुते तितकं जास्त चिकट होतंय. सहा तुकडे रंगवले, सहाही बोटाला येतात. त्यातल्या दोन तुकड्यांच्या मध्यभागी थोडं सुकल्यासारखं वाटतं, कडा मात्र ओल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पायवाले काका म्हणाले, "रडू नका, तेही त्यात मिसळेल."

सलूनवाले काका कालही आले. नाक नाही हे माहीत असूनही. म्हणाले, घरी बसवत नाही. दुकानाच्या समोरच्या फुटपाथवरून ते रोज एक चक्कर मारतात. एक तारखेसाठी ठरवलेला तो दुसरा माणूस आत्तापासूनच सवयीसाठी त्यांच्या खुर्चीवर मुलांचे केस कापतोय. "कात्री चांगली चालवतो," म्हणाले. "पण मानेवर ब्रश फिरवायचा विसरतो. लोक कॉलरमध्ये केस घेऊन घरी जातात."

तू सांगितलंस म्हणून क्रमाने लिहिते. सकाळी नऊला येते. फोन गेटवरच्या पेटीत ठेवते, आत न्यायची परवानगी नाही. हात साबणाने धुते. मागच्या मोरीजवळ माझं टेबल आहे, तिथे बसते. पेटीतून तुझे हातमोजे काढते, घालते. बाकी सगळे निळे घालतात, मी एकटीच पांढरे, मला सगळे डॉक्टर म्हणतात. ब्रश खोलते. प्रत्येक भाग थिनरच्या फडक्याने पुसते, बोटांत फिरवून फिरवून. जोडते. नोझलवर बोट दाबून तीनदा गुळण्या करते. तुकडा कडेने दोन बोटांत धरते आणि रंग मारते. रंग बदलताना पुन्हा बोट, पुन्हा तीन गुळण्या. तुकडा पेटीत ठेवते. शेवटी पुन्हा सगळं खोलून पुसते, सुई नळीत ठेवते, मग हातमोजे काढते. ग्लिसरीन एक थेंब. मोजून.

यात मी काय चुकवतेय, आत्या?

ठकू


२३ सप्टेंबर, दातांच्या दवाखान्यातून

ठकू,

कागदावर दाताचं चित्र आहे तिकडे लक्ष देऊ नकोस. मिळाला तो कागद घेतला आहे.

चूक तुझी नाही. चूक माझी आहे. हे वाक्य मी आधी लिहिते, म्हणजे पुढे लिहिण्याच्या भरात राहून जाणार नाही.

माझ्या दाढेवर टोपी बसवायची आहे, तिचं माप घ्यायला आज आले. तुझं पत्र पर्समध्ये. डॉक्टरबाई तरुण आहेत, पण हात स्थिर आहे. त्यांनी दोन डब्यांतून मऊ मसाला काढला आणि मळायला घेण्याआधी हातातले पांढरे हातमोजे काढून फेकले, निळे घातले. मला असल्या गोष्टी दिसल्याशिवाय राहत नाहीत. मी विचारलं, "चांगले हातमोजे का टाकलेत?"

त्या मळता मळता म्हणाल्या, "मावशी, ते रबराचे. ते घालून हा मसाला मळला की घट्टच होत नाही. दुसऱ्या दिवशीसुद्धा चिकट. रबरात गंधक असतं, ते याला चालत नाही. तोंड उघडा."

आणि त्यांनी तो गोळा माझ्या तोंडात कोंबला.

ठकू, मला तीन मिनिटं तोंड बंद ठेवून बसायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तुझं पत्र ओळीने उभं राहिलं. पांढरे हातमोजे. बोटांत फिरवून फिरवून. नोझलवर बोट. तुकडा कडेने धरते, आणि कडा ओल्या. जितकं धुते तितकं चिकट. मी डॉक्टरबाईंच्या बाहीला धरून हातवारे केले. त्यांना वाटलं मला उलटी होते आहे, त्यांनी भांडं पुढे केलं. मी त्यांच्या खिशातलं पेन ओढून कागदावर लिहिलं, "हा मसाला सिलिकॉनचा आहे का?" त्या म्हणाल्या, "हो, पण हलू नका ना." मी हलले. माप बिघडलं. पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी मी बाईंना तुझं पत्र वाचायला दिलं आणि तोंडात गोळा घेऊन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. त्यांनी हातमोज्यांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

माझ्या रंगांत सिलिकॉन नव्हतं. त्यांना रबराचं काही नव्हतं. मला जे चाललं ते सगळ्यांना चालतं असं मी धरून चालले, तुला अपवाद नाही म्हणून बजावलं, आणि वर तुझ्या बापाचे दात काढले.

तुला फोन केला, तो गेटवरच्या पेटीत वाजत असणार. मग वर्कशॉपच्या पहारेकऱ्याचा नंबर शोधून काढला आणि त्यांना निरोप दिला. त्यांनी तो दिला असेल अशी आशा आहे. तरी लिहिते. पांढरी पेटी बाहेर टाक. वर्कशॉपचे निळे हातमोजे घाल. ब्रशचा प्रत्येक भाग नव्या फडक्याने, नव्या थिनरने धू. मी आत बसवलेलं वॉशरही रबराचं आहे, ते काढ. सोबत पांढऱ्या प्लॅस्टिकचं पाठवते, थिनरने न फुगणारं. टेबल पूस. आधी एक तुकडा रंगव. तो सुकला तरच डब्यातलं नाक बाहेर काढ.

डॉक्टरबाई म्हणतात, हे त्यांच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. मी कॉलेजात शिकले त्याला चाळीस वर्षं झाली.

आत्या


२५ सप्टेंबर

ती. आत्या,

सुकला. सुकला. तुकडा सुकला.

पहारेकरी काका परवा दुपारी थेट आत आले. ते कधी आत येत नाहीत. सगळ्यांसमोर टेबलाशी उभे राहून म्हणाले, "आत्यांचा निरोप आहे. पांढरे हातमोजे काढा, निळे घाला, बाकीचं पत्रात." मी म्हटलं, का? ते म्हणाले, "का ते मला नाही सांगितलं. पण काढल्याशिवाय हलू नका म्हणाल्यात." आणि मी काढेपर्यंत तिथेच उभे. पायवाले काका म्हणाले, या आत्यांना इथे सुपरवायझर नेमा.

काल तुझं पत्र आणि वॉशर मिळालं. रंगवलेला तुकडा आज सकाळी नखाने खरवडला, काही निघालं नाही. कापसाने घासला. थिनरने पुसला. मी तो गालाला लावून बघितला, मग पायवाल्या काकांच्या गालाला. वेड लागल्यासारखी वर्कशॉपभर फिरले.

तुझ्यावर राग नाही. पण "चूक माझी आहे" हे तुझ्या अक्षरातलं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले फोटो काढून पाठव, पुरावा हवा.

सलूनवाले काका उद्यापासून बसायला येतायत. पाच दिवस आहेत.

ठकू


२७ सप्टेंबर

चि. ठकू, आशीर्वाद.

बाबांना फोटो पाठवायचा नाही.

पाच दिवस म्हणजे भरपूर. पहिल्या खेपेला तुझा हात बसला आहे, आता फक्त घाई करू नकोस. शेंड्यावरची छिद्रं शेवटच्या दिवशी, मन शांत असताना. त्या दिवशी चहा कमी पी. नोझलवरची टोपी काढून, सुईचं टोक अगदी उघडं ठेवून, कागदावर दोनदा मारून बघून, मगच नाकावर.

रंग कसा उतरतोय ते रोज एका ओळीने कळव. मी इथे घरात येरझारा घालते आहे. शेजारीण विचारत होती, घरात कोणी परीक्षेला बसलंय का? मी हो म्हटलं.

आत्या


१ ऑक्टोबर

ती. आत्या, सा. न.

रोज ओळ पाठवली नाही. हाताला वेळ नव्हता. आता सगळं एकदम.

परवा संध्याकाळपर्यंत सात थर झाले. निळसर सावली, पिवळा, लाली, मग कातडी. काकांच्या दुकानात ट्यूबलाइट आहे, म्हणून तशीच आणून टांगली. लाली खरंच मेली. आणखी एक थर दिला. छिद्रं काल सकाळी, बिनचहाची. त्यांच्या डाव्या गालावर उन्हाचे डाग आहेत, तसे दोन नाकाच्या डाव्या बाजूलाही टाकले. ते त्यांनी सांगितले नव्हते, मी बघितले. रात्रीत सगळं पक्कं सुकलं.

मोठे सर परवा आले. मी त्यांना सगळं सांगितलं, दाढी आलेलं पहिलं नाकही दाखवलं. त्यांनी ते भिंगाखाली उलटंपालटं केलं, मग दुसरं उचललं. ते ट्यूबलाइटखाली नेलं. मग विचारलं, "ब्रश कुणाचा?" मी म्हटलं, आत्याचा. ते म्हणाले, "आत्यांना सांगा, सुई सरळ केलेली दिसते. छान केली आहे. पण आता नवी घ्या." हे मी तुला जसंच्या तसं कळवते, माझ्यावर ओरडू नकोस.

आज काका साडेआठलाच आले. नव्या शर्टात. त्यांच्या बायकोही सोबत. सरांनी मला म्हटलं, "तुम्ही लावा." कडेला डिंक लावून मी ते बसवलं आणि एक मिनिट धरून राहिले. हात काढला तर जोड कुठे आहे ते मलाच दिसेना. बायको समोरून बघत होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "हेच. बटाटाच." आणि पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

आरसा मी हातात घेऊन उभी होते. काका म्हणाले, "इथे नको. दुकानात आहे मोठा." आणि उठले.

काम पूर्ण झालं की आमच्याकडे रजिस्टरमध्ये नोंद करतात. सरांनी ती मला लिहायला लावली, त्यातल्या रंगाच्या रकान्यात आजवर फक्त त्यांचंच पद असायचं. नोंद जशीच्या तशी खाली उतरवते.

दिनांक : १ ऑक्टोबर. वेळ : सकाळी ९.४०.
देण्यात आलेल्या वस्तू : सिलिकॉनचं नाक, नग एक. चिकटवायचा डिंक, बाटली एक. डिंक काढायचा द्राव, बाटली एक. मऊ ब्रश, एक. ठेवायची डबी, एक. वापराची माहिती, तोंडी, पत्नीसमोर.
आकार : वर्कशॉप.
रंग : रंगकाम सहायक (स्त्री).
तपासलं : प्रमुख.
घेणाऱ्याची सही : राहिली. दुकान दहाला उघडतं म्हणून निघून गेले.